'क्रिस्पी' म्हणून मोकळं होता येत नाही

माजघर:
काल इथे एक पोस्ट आली होती: 'मराठीतले कुरकुरीत, खुसखुशीत, चुरचुरीत असले जोडशब्द बाळबोध आहेत, सगळ्यांचा अर्थ एकच. आणि वासाला तर सुवास-दुर्गंध यापलीकडे शब्दच नाहीत.' दोन्ही विधानं साफ चूक आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

कुरकुरीत म्हणजे दाताखाली आवाज करत मोडणारं. भाजक्या पोह्यांचा चिवडा, बारीक शेव. खुसखुशीत म्हणजे दात लागताच भुगा होऊन तोंडात विरणारं. करंजीची पारी, नानकटाई. हा गुण मोहनातून, म्हणजे पिठात घातलेल्या गरम तुपा-तेलातून येतो. तूप पिठाच्या कणांभोवती बसतं, पाणी नीट शिरत नाही, म्हणून पीठ चिवट होत नाही. करंजीला 'कुरकुरीत' म्हटलंत तर मोहन कमी पडलं असा अर्थ होतो. चुरचुरीत ही फोडणीची खूण. कोशिंबिरीवर कडकडीत फोडणी पडली की जो आवाज होतो, तो त्या शब्दात आहे.

आता वास. बेसन भाजायला घेतलं की आधी कच्चट, मग खमंग, आणखी पुढे खरपूस, हात थांबला की करपट. जुनं खोबरं खवट. पावसाळ्यात न वाळलेले कपडे कुबट, बंद खोली कोंदट. इंद्रायणी तांदळाला 'घमघमाट', मोगऱ्याला 'दरवळ', गर्दीतल्या घामाला 'दर्प'. अजून किती हवेत?

तर्कटी:
ती पोस्ट माझीच. यादी लांब असली म्हणजे अर्थ नेमका असतो असं नाही. ठणठणीत म्हणजे धडधाकट आणि ठणठणाट म्हणजे रिकामं. एकाच 'ठणठण'मधून दोन विरुद्ध अर्थ! अशा शब्दांवर काय भरवसा ठेवायचा? पाक एकतारी झाला का हे बोटांवर ताणून ठरवण्यापेक्षा थर्मामीटर लावा: सुमारे 105 अंशांना एकतारी, 115 च्या आसपास गोळीबंद. प्रश्न मिटला.

आवा:
विरुद्ध अर्थ कुठे आहेत? मडकं बोटाच्या पेराने वाजवून बघा. नीट भाजलेलं, तडा न गेलेलं मडकं ठण्ण वाजतं, तडा असेल तर बद्द. पण पाण्याने भरलेलं मडकं, कितीही अभंग असलं तरी, तसं वाजत नाही. म्हणजे ठण्ण वाजायला दोन गोष्टी लागतात: मडकं धड हवं आणि रिकामं हवं. एक शब्द पहिल्या गोष्टीवरून झाला, दुसरा दुसरीवरून. उलट यातून दिसतं की हे शब्द हाताने वाजवून पाहणाऱ्यांनी घडवलेत.

स्वर बदलला की काय होतं तेही बघा. उघडी नदी खळखळते, डब्यातली नाणी खुळखुळतात. जोडा करकरतो, खाट कुरकुरते, रातकिडा किरकिरतो. 'अ' मोकळा, 'उ' कोंडलेला, 'इ' बारीक.

तर्कटी:
मडक्याचं मान्य, नाइलाजाने. स्वरांचं नाही. टुणटुण कुठे कोंडलेलं आहे? आणि भरभर हा तर आवाजच नाही.

आवा:
टुणटुणला नियम लागत नाही, खरं आहे. भरभर वेगाकडे वळला, तसा झगझगीत उजेडाकडे आणि झणझणीत तिखटाकडे. ही घडण फक्त मराठीचीही नाही. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी 1969 साली भारतभरच्या भाषांमधल्या अशा शब्दांवर शोधनिबंध लिहिला, द्रविड आणि आर्य दोन्ही कुळं धरून. त्याला बाळबोध म्हणून उडवून लावता येणार नाही.

कल्हई:
वासाच्या यादीत कळकट राहिलं! आणि ते मळकटच्या अर्थाने नव्हे. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की आंबटपणाने तांबं-जस्त सुटतं आणि ताक कळकतं. आंबट वेगळं, कळकलेलं वेगळं, आणि ते प्यायचं नसतं, ओतून द्यायचं असतं. स्टील आलं, नवसागर आणि कथील घेऊन दारावर येणारे कल्हईवाले दिसेनासे झाले, आणि हा इशारा देणारा शब्दही विसरला गेला. याचा मला मनापासून राग येतो.

तळणीचा झारा:
माजघर, तुमची व्याख्या चकलीला लावून दाखवा. चकली कुरकुरीत की खुसखुशीत?

माजघर:
खुसखुशीत. भाजणीत मोहन असतंच.

तळणीचा झारा:
चूक. चकली मोडताना आवाज यायलाच हवा, नंतर विरायला हवी. दोन्ही एकदम. चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, वेगवेगळं भाजून दळलेलं. तांदळाने कुरकुरीतपणा येतो, मोहनाने खुसखुशीत होते. एका वाटी भाजणीला एक चमचा कडकडीत तेल पुरतं. जास्त घातलंत तर तेलात चकलीचे तुकडे पडतात.

तर्कटी:
म्हणजे हसते.

तळणीचा झारा:
हसतो तो अनारसा, तुपात पसरून जाळी फाटली की. चकली विरते किंवा तुटते. निदान शब्द तरी जागच्या जागी वापरा.

माजघर:
एक चमचा कमी आहे. त्याने कडक होते. दीड घाला.

तळणीचा झारा:
कडक होते ती उकड नीट न मुरल्याने. पाणी उकळलं की भाजणी घालून गॅस बंद, झाकण ठेवून अर्धा तास, मग कोमट असतानाच मळायची. मोहनाला दोष देऊ नका.

तर्कटी:
तुमच्या दोघांचंच एकमत नाही, हेच तर मी म्हणतोय.

आवा:
मतभेद मोहनाच्या चमच्यावर चाललाय, शब्दावर नाही. 'कडक' म्हणजे काय बिघडलं हे दोघांनाही न सांगता कळलं. आणि वाटीभर पाकाची खोली बोटभरही नसते. त्यात तुमच्या थर्मामीटरचं टोक बुडत नाही, कढईच्या तळाला टेकतं आणि आकडा चढा दाखवतं.

तर्कटी:
मोठ्या घाण्याला थर्मामीटर, वाटीभर पाकाला बोट. एवढं कबूल, यापुढे नाही.

माजघर:
झारा, मग चकली काढायची केव्हा ते तरी सांगा. रंगावर मी जात नाही, लाल तिखटाने फसगत होते.

तळणीचा झारा:
रंग नाहीच बघायचा. सोडल्या सोडल्या तेल जोरात सळसळतं, कारण आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. आच मध्यम ठेवा, बुडबुडे कमी होऊन आवाज बसला की काढा. आच मोठी असेल तर वरून लाल होते, पण आत पाणी राहतं आणि डब्यात दुसऱ्या दिवशी वातड होते.