विषय: भुताटकीच्या रूपातील चॉकलेटे घरी करण्याविषयी

प्रेषक: बालविभाग

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

हॅलोविनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या, आधीच्या शनिवारी बालविभागातील मुले एकत्र जमणार आहेत आणि त्या दिवशी प्रत्येक मुलाने भुते, कोळी, जाळी अशा रूपांतील चॉकलेटे स्वतःच्या हाताने करून घरी न्यावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. एकूण बारा मुले असतील, वये पाच ते अकरा. साचे आमच्याकडे नाहीत आणि एका दिवसासाठी ते विकत घ्यावेत असे वाटत नाही.

पूर्वतयारी म्हणून मी घरी दोनदा प्रयत्न केला. पहिल्या वेळी वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये खाण्याच्या हिरव्या रंगाचे तीन-चार थेंब घातले, तर ढवळता ढवळता ते सगळे ओल्या वाळूसारखे रवाळ आणि घट्ट होऊन चमच्याला चिकटून बसले. दुसऱ्या वेळी गडद चॉकलेट व्यवस्थित वितळले, कोळीही चांगले उतरले, परंतु फ्रीजमध्ये ठेवलेले ते कोळी दुसऱ्या दिवशी बाहेर काढले तेव्हा त्यांच्यावर राख पसरावी तसे पांढुरके डाग दिसू लागले. या दोन्ही गोष्टी कशामुळे घडल्या आणि मुलांना जमतील असे सोपे प्रकार कोणते, हे जाणकारांनी कृपया कळवावे.

आपली,
बालविभागाची संयोजिका


प्रेषक: ज्येष्ठ सभासद

प्रिय संयोजिका ताई,

सस्नेह नमस्कार. तुमचे पत्र वाचून फार आनंद झाला, कारण गेली अनेक वर्षे मी घरी चॉकलेटे करते आणि तुम्ही सांगितलेल्या दोन्ही अडचणींतून प्रत्येकाला कधी ना कधी जावे लागते.

पहिली अडचण पाण्यामुळे झाली. चॉकलेट म्हणजे साखरेचे आणि कोकोचे अतिशय बारीक कोरडे कण कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्या चरबीत, पसरलेले असतात. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोच्या कणांऐवजी दुधाची भुकटी असते, एवढाच फरक. त्यात पाण्याचे दोन थेंब जरी पडले, तरी ते साखरेच्या कणांना ओले करतात, ओले कण एकमेकांना धरून बसतात आणि वाहते चॉकलेट पाहता पाहता गोळा होते. बाजारात मिळणारे बहुतेक द्रवरूप खाण्याचे रंग पाण्यात केलेले असल्यामुळे ते चॉकलेटला चालत नाहीत, तेथे तेलात विरघळणारा किंवा खास चॉकलेटसाठी केलेला रंग लागतो. ओला चमचा, नीट न पुसलेले भांडे आणि पातेल्यातून वर येणारी वाफ यांचाही परिणाम असाच होतो. असे बिघडलेले चॉकलेट मात्र टाकून देऊ नका. त्यात एकेक चमचा गरम पाणी किंवा गरम साय घालत राहिले, की काही वेळाने ते पुन्हा गुळगुळीत होते. ते परत कडक होणार नाही, परंतु वरून ओतण्यासाठी किंवा दोन बिस्किटांच्या मध्ये भरण्यासाठी उत्तम असते.

दुसरी अडचण कोको बटरच्या स्वभावातून आली. ही चरबी गोठताना सहा वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक धरू शकते आणि त्यांपैकी पाचवा प्रकारच आपल्याला हवा असतो, कारण त्यामुळे चॉकलेटला चकाकी येते, तोडताना कट्‌ असा आवाज येतो आणि सुमारे ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे तोंडात ठेवताच, ते वितळते. आपण चॉकलेट पूर्ण वितळवून तसेच गोठू दिले, तर अस्थिर स्फटिक तयार होतात आणि पुढे चरबी पृष्ठभागावर येऊन राखेचा थर दिसतो. फ्रीजमधून काढल्यावर दमट हवेतले पाणी थंड चॉकलेटवर जमते व साखर विरघळून वर येते, त्यामुळेही असाच थर धरतो. दोहोंतला फरक कळण्यासाठी डागावर ऊबदार बोट हलकेच फिरवावे. चरबीचा डाग विरघळून नाहीसा होतो, साखरेचा मात्र खरखरीत लागत राहतो. दोन्ही खायला निर्धोक आहेत.

यावर दोन मार्ग आहेत. मुलांच्या हाती देण्यासाठी कंपाउंड चॉकलेट घ्यावे. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, त्यामुळे ते नुसते वितळवून ओतले तरी नीट गोठते. चवीने ते खऱ्या चॉकलेटच्या जवळ जात नाही, हे मला स्पष्टपणे लिहिले पाहिजे, आणि म्हणून घरच्यांसाठी करताना मी ते वापरत नाही. खरे चॉकलेट घ्यायचे असेल, तर त्याचे बारीक तुकडे करून दोन भाग वितळवावेत आणि एक भाग बाजूला ठेवावा. गडद चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत आणि पांढरे ४० ते ४५ अंशांपर्यंत तापले, की आचेवरून काढून राखून ठेवलेले तुकडे थोडे थोडे घालत सतत ढवळावे. गडद चॉकलेट ३१-३२ अंशांवर आणि पांढरे २८-२९ अंशांवर आले, की ते कामाला योग्य झाले. नंतर घातलेल्या तुकड्यांमधील चांगले स्फटिक बाकीच्या चॉकलेटला तसेच गोठायला लावतात. खात्रीसाठी सुरीचे टोक बुडवून ओट्यावर ठेवावे. तीन ते पाच मिनिटांत त्यावर चकाकणारा, न चिकटणारा थर आला, तर पुढे जायला हरकत नाही. ही परीक्षा मी आजही कधी टाळत नाही.

वितळवण्यासाठी पातेल्यात दोन बोटे पाणी मंद आचेवर ठेवून त्यावर काचेचे कोरडे भांडे बसवावे. भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये आणि भांडे उचलताच त्याचा तळ फडक्याने पुसावा, नाहीतर ओतताना तेथला थेंब नेमका चॉकलेटमध्ये पडतो. मायक्रोवेव्ह वापरणार असाल, तर निम्म्या शक्तीवर तीस-तीस सेकंदांनी बाहेर काढून ढवळत जावे. पांढरे चॉकलेट सर्वांत लवकर करपते, त्याच्याकडे पाठ फिरवू नये.

आता रूपांविषयी. माझे ठाम मत असे आहे, की या कामाला हिरवा, जांभळा, नारिंगी असा कोणताही रंग लागत नाही. भीती गडद आणि पांढऱ्याच्या विरोधातून येते आणि हे दोन्ही रंग चॉकलेटने आपल्याला आधीच दिलेले आहेत. पांढऱ्या चॉकलेटला कोको बटरमुळे येणारी किंचित पिवळसर झाक तर भुताला शोभूनच दिसते.

मुलांना सर्वांत आधी कोळ्याचे जाळे शिकवावे. बेकिंग पेपरवर वाटी उपडी ठेवून पेन्सिलीने सुमारे ८ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढावे आणि कागद उलटा करावा, म्हणजे पेन्सिल चॉकलेटला लागत नाही. त्या वर्तुळात गडद चॉकलेट अर्धा सेंटिमीटरपेक्षा थोडे कमी जाड पसरावे, आणि ते ओले असतानाच मेंदीच्या कोनासारख्या कागदी कोनातून पांढऱ्या चॉकलेटची गोल गोल जाणारी रेघ मध्यापासून कडेपर्यंत काढावी. दोन वेढ्यांमध्ये साधारण एक सेंटिमीटर अंतर पुरे. मग टूथपिक मध्यावर टेकवून सरळ कडेकडे ओढावी, टोक पुसावे, पुन्हा मध्यावर यावे, असे आठ वेळा करावे. पहिल्या ओढीला काही विशेष दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या ओढीला मात्र ते वेढे टोकांशी ताणलेले आणि मध्ये झुकलेले दिसू लागतात आणि समोर खरेखुरे जाळे उभे राहते. त्या क्षणी मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. आतून बाहेर ओढायचे एवढे नीट सांगा, कारण उलट ओढले तर जाळ्याऐवजी फुलाच्या पाकळ्या होतात.

भूत त्याहून सोपे आहे. पांढऱ्या चॉकलेटचा एक चमचा कागदावर सोडून चमच्याच्या पाठीने खाली ओढला, की डोके वर आणि वाहती शेपटी खाली असा आकार आपोआप येतो. गोठल्यावर टूथपिकच्या टोकाने गडद चॉकलेटचे दोन लांबट डोळे आणि उघडे तोंड काढावे. बिस्किटाची ममी करायची असेल, तर बिस्किटावर पांढऱ्या चॉकलेटच्या आडव्यातिडव्या पट्ट्या काढून त्यांमधून दोन डोळे डोकावू द्यावेत. यात चुकण्यासारखे काही नसल्यामुळे ती पाच वर्षांच्या मुलांना द्यावी.

कोळी करताना आधी पाय काढावेत आणि ते जेथे एकत्र येतात त्यावर शरीर सोडावे, म्हणजे पाय घट्ट धरले जातात. कोळ्याचे आठही पाय पोटाला नसून पुढच्या भागाला असतात. मुलांना हे सांगितले, की ती फार काळजीपूर्वक काढतात.

अंदाजे प्रमाण कळवते. एका जाळ्याला सुमारे २५ ग्रॅम आणि एका भुताला सुमारे १० ग्रॅम चॉकलेट लागते. प्रत्येकी एक जाळे आणि दोन भुते धरली, तर ४०० ग्रॅम गडद आणि ४०० ग्रॅम पांढरे चॉकलेट भांड्याला व कोनाला चिकटून राहणाऱ्यासह पुरेल.

तुमची,
मंडळातील काकू


प्रेषक: आजीव सभासद

आदरणीय काकू आणि संयोजिका ताई यांस सादर नमस्कार.

काकूंच्या पत्रात काही भर घालण्याजोगे नाही, केवळ सामानाविषयी लिहितो. सजावटीसाठी घेतलेले मार्शमॅलो आणि गमीचे किडे यांत बहुधा प्राणिज जिलेटिन असते, त्यामुळे शाकाहारी कुटुंबांसाठी त्याऐवजी वनस्पतिजन्य पेक्टिन किंवा अगार असलेले पाहून घ्यावेत. रक्तासारख्या लाल गोळ्यांच्या वेष्टनावर कोचिनील, कार्मिन किंवा ई१२० असे लिहिलेले असल्यास तो रंग किड्यांपासून काढलेला असतो. गडद चॉकलेट म्हणजे दूध नाही, असे गृहीत धरू नये, आणि दाण्यांची अॅलर्जी असलेले मूल असेल, तर दाण्यांचे अंश असू शकतात अशी सूचना वेष्टनावर आहे का, हे पालकांसमोर वाचून दाखवावे. लहान मुलांना अख्खे मार्शमॅलो किंवा टणक गोल गोळ्या देऊ नयेत, त्या घशात अडकण्याचा धोका असतो. ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांनी ही चॉकलेटे उंचावर ठेवावीत, कारण चॉकलेटमधील थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी असते आणि चॉकलेट जितके गडद तितके ते अधिक.

आपला नम्र,
एक काका


प्रेषक: बालविभाग

आदरणीय काकू,

सादर नमस्कार. काल आपल्या पत्राप्रमाणे सर्व प्रकार करून पाहिले. सुरीच्या टोकाची परीक्षा चौथ्या मिनिटाला उत्तीर्ण झाली आणि आज सकाळी कोळ्यांवर एकही डाग नाही, हे आपल्याला कळवताना मला किती समाधान वाटते, ते शब्दांत सांगता येत नाही. काकांनाही मनःपूर्वक धन्यवाद, वेष्टने मी एकेक करून वाचली. दोन शंका तेवढ्या उरल्या आहेत. चार जाळी एकदम पसरली, तर शेवटच्या जाळ्यावर टूथपिक ओढताना रेघा ताणल्या न जाता तुटल्या. तसेच माझ्या मोठ्या मुलीने वटवाघूळ काढले, ते कागदावरून उचलताना दोन्ही पंख मोडले.

आपली,
बालविभागाची संयोजिका


प्रेषक: ज्येष्ठ सभासद

प्रिय ताई,

सस्नेह नमस्कार. योग्य तापमानाला आणलेले चॉकलेट थोड्याच मिनिटांत धरू लागते, म्हणून जाळे एका वेळी एकच करावे आणि एका मुलाने पसरावे, दुसऱ्याने लगेच रेघ काढावी, अशी जोडी लावावी. गडद चॉकलेटचे भांडे कोमट फडक्यावर ठेवले, तर ते जास्त वेळ वाहते राहते, परंतु फडके कोरडेच हवे. खरे चॉकलेट वापरत असाल, तर ते ३२ अंशांच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.

वटवाघळाचा पंख जेथे शरीराला जोडला जातो, तेथे चॉकलेट पातळ राहिलेले असते. गोठल्यावर त्या सांध्यावर वरून एक आडवी जाड रेघ द्यावी आणि ती सुकल्यावरच उचलावे. उचलतानाही वटवाघूळ ओढू नये. कागद ओट्याच्या कडेवरून खाली वाकवत न्यावा, म्हणजे आकृती आपण होऊन सुटते. मुलीला सांगा, की तिचे मोडलेले पंख जपून ठेवावेत. थोड्या वितळलेल्या चॉकलेटने ते भुताच्या पाठीला चिकटवले, तर उडणारे भूत तयार होते, आणि शनिवारी ते पाहायला मी दुपारीच येते.

तुमची,
काकू