२३ जानेवारी २०२६ चा हॉल नक्की कुणाला?

परब काका (ए-३०४): नमस्कार मंडळी. नोटीस बोर्डवर २३ जानेवारीची दोन पत्रकं लागलीत, दोन्हीवर रक्तदान, दोन्हीवर आपलाच हॉल, एकावर उद्धवसाहेबांच्या सेनेची मशाल, एकावर शिंदेसाहेबांच्या सेनेचा धनुष्यबाण. बाळासाहेबांची शंभरावी जयंती आणि आपण हॉलवरून भांडायचं? ब्लड बँकवाले मला विचारतायत, काका नक्की कुणाकडे यायचं.

तांबे (सेक्रेटरी): ज्याचं डिपॉझिट आधी त्याला हॉल. पावती ग्रुपवर टाकावी.

मंदार (बी-१०२): आम्ही दिवाळीतच तोंडी सांगितलेलं. शिबिर मुळात आमचंच आहे काका.

नितीन (सी-५०१): आमचंच म्हणजे? खुर्च्या कोण वाहायचं इतकी वर्षं? धनुष्यबाण निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला आम्हाला दिला, लोकांनी पण २०२४ च्या विधानसभेला ५७ विरुद्ध २० करून दाखवलं.

मंदार: आणि खोके कुणी दिले ते पण सांग

नितीन: तोंड सांभाळून बोल

गावडे वहिनी: मुलं वाचतात हा ग्रुप. आणि ए विंगचं पाणी आज पण सातला गेलं त्याचं काय?

तांबे (सेक्रेटरी): वहिनी टँकर सांगितलाय. ज्याचं डिपॉझिट आधी त्याला हॉल.

विनायक (बी-४०३): २००६ ला मी राजसाहेबांबरोबर मनसेत गेलो तर गणपतीच्या कमिटीतून नाव उडवलं होतं माझं. ५ जुलै २०२५ ला वरळीत राज-उद्धव दोघे भाऊ गळ्यात पडले आणि मंदार पेढे घेऊन दारात. खाल्ला मी पेढा, पण मधली १९ वर्षं कोण देणार रे?

मंदार: विनूदादा तुम्ही आमदार घेऊन सुरतेला नव्हता गेलात

परब काका: दोघेही नीट वाचा. जुना ग्रुप होता तेव्हा रात्री दोनला केईएमला रक्त पाहिजे असं कुणी टाकलं की तिघे चौघे गाडी काढून निघालेले असायचे, कोविडमध्ये बेड, सिलेंडर, डबे सगळं त्याच ग्रुपवर जमवलं, २०१७ ला पालिकेत ८४ आले तेव्हा पहाटेपर्यंत कुणी झोपलं नव्हतं. जून २०२२ ला सेना फुटल्यानंतर काय राहिलं, गुवाहाटीचे व्हिडिओ आणि एकमेकांच्या घरच्यांवर शिव्या. त्या दसऱ्याला एक बस शिवाजी पार्कला गेली, एक बीकेसीला, तेही ठीक, पण परत आल्यावर लोक लिफ्टमध्ये बोलेनात. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी दोन्हीकडच्या एकाही आमदाराला अपात्र केलं नाही, सगळे आपापल्या जागी शाबूत, आणि आपण जाधवला एका फोटोला अंगठा दिला म्हणून ग्रुपमधून काढलं. गेल्या महिन्यात त्याला प्लेटलेट लागल्या, पोराने मेसेज एकाच ग्रुपवर टाकला, दुसऱ्या ग्रुपला पत्ता नाही. याचा मला राग आहे.

नितीन: जाधवकाकांचं खरंच नाही कळलं मला. आलो असतो.

मंदार: कळणार कसं, काढलं कुणी त्यांना?

नितीन: तू पण ॲडमिन होतास तेव्हा, गप्प बसलास

तांबे (सेक्रेटरी): कृपया विषयावर या. डिपॉझिट. पावती.

विनायक: तांबेसाहेब थांबा जरा, पालिकेचं इलेक्शन येतंय, डिपॉझिटं तिथे जप्त होतीलच 😂

गावडे वहिनी: बॅनरवर फक्त बाळासाहेबांचा फोटो लावा, चिन्हच नको.

मंदार: चालेल, पण बाकी कुणाचे फोटो नाहीत हे पण लिहून द्या

नितीन: ठाण्याच्या आनंद दिघेसाहेबांचा राहणार

परब काका: डिपॉझिट माझ्या नावावर भरलं, पावती तांबेंना पाठवली. ब्लड बँकेला एकच वेळ दिलीय, सकाळी ९. आदल्या रात्री खुर्च्या उतरवायला कोण कोण, नावं टाका.

विनायक: मी

गावडे वहिनी: पोहे माझ्याकडे, पाणी असलं तर

नितीन: मी येतो. मंदार येणार असेल तर त्याला सांगा बॅनरचं आधी ठरवू.

मंदार: मी इथेच आहे, मला डायरेक्ट बोल