बेल्टचा उपयोग जोडीदाराला होतो
'ज्यूदो-कराटेतले रंगीत बेल्ट म्हणजे क्लासवाल्यांचा फी उकळायचा धंदा' असं काही जण म्हणतात, ते काही ठिकाणी खरं आहे. दर तीन महिन्यांनी परीक्षा आणि दुसरी-तिसरीतल्या पोरांना ब्लॅक बेल्ट, हे मीही पाहिलंय. पण म्हणून बेल्टच नकोत, हे पटत नाही. ज्यूदोत डान पद्धत, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या श्रेणी, ज्यूदोचे जनक जिगोरो कानोंनी १८८३ मध्ये सुरू केली, कराटेगुरू फुनाकोशींनी १९२४ मध्ये ती कराटेत आणली. म्हणजे ही फार प्राचीन परंपरा नाहीच, शिकवण्याची सोय आहे.

आणि ती सोय सगळ्यात जास्त जोडीदाराची. मोकळ्या सरावात समोर पांढरा बेल्ट दिसला की फेकताना मी त्याची बाही शेवटपर्यंत सोडत नाही, किंचित वर ओढून धरतो. मग तो कुशीवर पडतो, डोकं मॅटवर आपटत नाही. नवख्याला पडायचं कसं हेच अजून अंगवळणी पडलेलं नसतं. घाबरून तो हात टेकतो आणि मनगट नाहीतर कोपर दुखावून बसतो. ब्लॅकच्या आधीच्या ब्राउन बेल्टवाल्याला मात्र मी पूर्ण जोर लावून फेकतो, तोही मला. भरलेल्या बॅचमध्ये प्रत्येकाला 'कधीपासून येतोस' विचारायला कुणाला वेळ असतो? म्हणूनच पैसे भरून मिळवलेल्या बेल्टचा मला राग येतो. समोरचा त्या रंगावर विसंबून फेकत असतो.