शेजारणीचे आमंत्रण आणि ‘चेटकीण’ हा शब्द

विषय: ३१ ऑक्टोबरचे आमंत्रण, सल्ला हवा

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

आम्ही मे महिन्यात लँकेशायरमध्ये, पेंडल टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात राहायला आलो. शेजारच्या बाईंची मुलगी आमच्या कन्येच्याच वर्गात आहे. परवा कुंपणापाशी बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या की त्या विक्का (चेटूकविद्येशी नाते सांगणारा एक धर्म) पाळतात आणि ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्यांच्याकडे ‘सावीन’चे जेवण असते, त्याला आम्ही सर्वांनी यावे. मी लगेच होकार दिला. सासूबाईंना फोनवर हे सांगितले, तेव्हा त्या ‘चेटकीण’ एवढेच म्हणाल्या आणि नातीला तिकडे पाठवू नकोस असे बजावून त्यांनी फोन ठेवला.

हे लोक सैतानाची पूजा करतात का? बळी देतात का? करणी करतात का? त्यांच्या दिवाणखान्यातल्या छोट्या मेजावर काळ्या मुठीचा एक सुरा मी स्वतः पाहिला आहे. आणि जायचेच ठरले, तर जाताना काय न्यावे?

आपली,
पेंडलजवळची एक सभासद

---

विषय: उत्तर: ३१ ऑक्टोबरचे आमंत्रण, सल्ला हवा

ताई, सप्रेम नमस्कार.

सुऱ्यापासून सुरुवात करतो, कारण आपली झोप त्यानेच उडवलेली दिसते. त्याला अथामे म्हणतात. पूजेच्या वेळी भोवती रिंगण आखण्यासाठी तो हवेत फिरवतात. त्याने सहसा काहीही कापत नाहीत, आणि पुष्कळांचा तर बोथटच असतो. शेजारी मिठाची वाटी, पाण्याचा पेला, मेणबत्ती आणि पाच टोकांची चांदणी कोरलेली तबकडी दिसली असेल, तर ती सारी पूजेचीच मांडणी आहे. बळी त्यांच्यात नाही. सैतान ही ख्रिस्ती धर्मातली कल्पना असून विक्कात त्याला स्थानच नाही. त्यांची उपासना बहुधा एक देवी आणि एक शिंगे असलेला देव यांची असते, आणि त्या शिंगांमुळेच बाहेरच्यांचा घोटाळा होतो. मंत्रतंत्राला मात्र स्थान आहे, ते मी नाकारणार नाही. पण ‘कुणाला इजा होत नसेल, तर हवे ते कर’ हे त्यांचे मुख्य वचन असल्यामुळे दुसऱ्याचे वाईट चिंतणे बहुतेकांना निषिद्ध वाटते.

हा धर्म प्राचीन आहे असे आपल्याला कुणी सांगेल, तेही जपून घ्यावे. त्याचे प्रवर्तक मानले जाणारे जेराल्ड गार्डनर हे मलायातल्या कस्टम्सच्या नोकरीतून १९३६ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या मंडळीकडून आपल्याला दीक्षा मिळाली, असा त्यांचा दावा होता. जादूटोण्याविषयीचा १७३५ चा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्यांनी या विषयावरचे आपले पुस्तक उघडपणे छापले. पूजाविधींतला सुंदर मजकूर बराचसा डोरीन व्हॅलिएंटे या त्यांच्या शिष्येने लिहिला. म्हणजे हा धर्म वयाने माझ्याहून फारसा मोठा नाही, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार लोकांनी विक्का, तर सुमारे ७४ हजारांनी पेगन (ख्रिस्तपूर्व देवदेवतांना मानणारे) असे लिहिले.

आपल्या गावात मात्र ‘चेटकीण’ हा शब्द फार जड आहे. मार्च १६१२ मध्ये ॲलिझन डिव्हाइस नावाच्या मुलीने वाटेत एका फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या आणि त्याने त्या दिल्या नाहीत. थोड्याच वेळात तो कोसळला. आज आपण त्याला पक्षाघाताचा झटका म्हणू. तेवढ्यावरून चौकशी सुरू झाली, शेजाऱ्यांची जुनी भांडणे बाहेर आली, आणि ॲलिझनच्या सुमारे नऊ वर्षांच्या धाकट्या बहिणीला न्यायालयात मेजावर उभे करून सख्ख्या आईविरुद्ध साक्ष द्यायला लावले. उन्हाळा सरेपर्यंत दहा जण फासावर गेले होते. (इंग्लंडमध्ये या गुन्ह्याला फाशीच होती, जिवंत जाळले अशी जी सर्रास समजूत आहे, ती इथल्यापुरती चुकीची आहे.) ही माणसे विक्का नव्हती. ती गरीब आणि आपापल्या परीने ख्रिस्ती होती.

सावीनला पूर्वजांची आठवण करतात. एका सहकाऱ्याच्या घरी मी गेलो होतो, तिथे दिवंगत आजोबांसाठी एक खुर्ची आणि ताट मांडले होते, आणि ताटाशेजारी त्यांचा चष्मा ठेवला होता. मला पितृपक्षातल्या पानाची आठवण झाली, पण ‘हे आपलेच आहे’ असे त्यांना सांगण्याचा मोह मी टाळला.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. गार्डनरच्या मूळ परंपरेत दीक्षित प्रौढांचे काही विधी विवस्त्र होतात. मुलांसह बोलावलेल्या जेवणाचा त्याच्याशी संबंध नसतो. तरीही संध्याकाळी नेमके काय होणार, हे बाईंना सरळ विचारावे. त्यांना असे विचारलेले खटकत नाही.

आपला,
मँचेस्टरचा एक जुना सभासद

---

विषय: उत्तर: उत्तर: ३१ ऑक्टोबरचे आमंत्रण

महोदय,

महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यासाठी डॉ. दाभोलकरांनी प्राण गमावले. आणि आपण इथे मंत्रतंत्र करणाऱ्यांकडे जेवायला जाण्याचा सल्ला देता, हे मला पटत नाही.

एक सभासद

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: ३१ ऑक्टोबरचे आमंत्रण

महोदय, आपला आक्षेप प्रामाणिक आहे. मंत्राने काही घडते असे मीही मानत नाही आणि कुणी मानावे असेही म्हणत नाही. पण त्या कायद्याची अनुसूची आपण एकदा वाचावी. अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्रतंत्राने गुरांचे दूध आटवते असे भासवून तिला छळणे, हा त्यात गुन्हा ठरवला आहे. दूध पळवल्याचा आरोप युरोपातही शेकडो बायकांवर झाला होता आणि आपल्या सातपुड्यात, नंदुरबारकडे, ‘डाकीण’ ठरवलेल्या बायकांना मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. त्या कायद्याच्या नजरेने पाहिले, तर या प्रकरणात जपून वापरायचा शब्द आपल्या ताईंच्या सासूबाईंच्या तोंडी आहे.

ताई, न्यायचे म्हणाल तर रव्याचे लाडू न्या, बेदाणे घालून. काजू-बदाम मात्र नको, शाळेतल्या मुलांपैकी कुणाला चालत नसतील. पेल्यात वाइन असेल, तर मुलीसाठी सफरचंदाचा रस मागून घ्या. आणि कुणाला ‘सॅमहेन’ म्हणू नका. स्पेलिंग फसवे आहे, उच्चार आपण लिहिला तोच बरोबर.