विषयाचा मध्यक आणि दहावीचे अंतिम गुण यांचा संबंध काय?

पालक, देवगड तालुका
नमस्कार. माझी मुलगी यंदा दहावीत, राज्य मंडळाच्या शाळेत आहे. सराव परीक्षेच्या प्रगतिपत्रकात शाळेने या वेळी प्रत्येक विषयासमोर वर्गाचा मध्यकही (गुण क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारे गुण) छापला आहे. ८० पैकी तिला विज्ञानात ५७ गुण असून मध्यक ४९ आहे. संस्कृतमध्ये ६३ असून मध्यक मात्र ७० आहे. मध्यकाच्या वर किंवा खाली असण्याचा मंडळाच्या अंतिम गुणांवर काही परिणाम होतो का? संस्कृतची काळजी करावी का?

गणित शिक्षक (निवृत्त), राजापूर
थेट परिणाम काहीही होत नाही. मंडळाच्या पद्धतीत लेखी ८० आणि अंतर्गत मूल्यमापन अथवा प्रात्यक्षिकाचे २० अशी बेरीज होते आणि सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच विषयांच्या ५०० गुणांवर टक्केवारी काढली जाते. या हिशेबात वर्गाचा मध्यक कुठेही येत नाही. म्हणून आपल्या मुलीचे संस्कृतचे ६३ हे मध्यकाखाली असले तरी बेरजेत विज्ञानाच्या ५७ पेक्षा सहा गुणांनी जास्तच भरतात. संस्कृतचा मध्यक उंच असण्याचे कारणही बहुधा साधे असावे: हा विषय बव्हंशी अभ्यासू मुलेच निवडतात, विज्ञान मात्र सर्वांनाच असते. दोन वेगवेगळ्या गटांचे मध्यक शेजारी ठेवून तुलना करणे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. मध्यकांची बेरीज म्हणजे एकूण गुणांचा मध्यक नव्हे. समजा, तीन विद्यार्थ्यांना गणितात अनुक्रमे ४५, ६०, ९० आणि विज्ञानात ७०, ५०, ६० गुण आहेत. दोन्ही विषयांचा मध्यक ६०, बेरीज १२०. पण एकूण गुण ११५, ११०, १५० असल्याने त्यांचा मध्यक ११५ येतो. सरासरीच्या बाबतीत ही बेरीज जुळते, मध्यकाच्या बाबतीत जुळेलच असे नाही. दहावीच्या सांख्यिकीच्या प्रकरणात मध्य (म्हणजे सरासरी), मध्यक आणि बहुलक तिन्ही शिकवतात, पण हा फरक सूत्रांच्या गर्दीत बाजूला राहतो.

पालक, मालवण
राजापूरच्या सरांच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडतो. दहावीला नसला, तरी बारावीनंतरच्या एमएचटी-सीईटीत (अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या राज्य प्रवेश परीक्षेत) इतरांच्या गुणांचा संबंध येतो, कारण तिथे पर्सेंटाइल काढतात, म्हणजे आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण त्या सत्रातील (म्हणजे त्याच वेळी तीच परीक्षा देणाऱ्या तुकडीतील) किती टक्के परीक्षार्थींना मिळाले, ते पाहतात. त्यामुळे सत्राचा मध्यक हा सुमारे ५० पर्सेंटाइलवर येतो, मग प्रश्नपत्रिका सोपी असो वा कठीण. शिवाय एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून काढतात. विषयवार पर्सेंटाइलची सरासरी घेऊन ते मिळत नाही.

पालक, देवगड तालुका
दोघांचेही आभार. एक सांगायचे राहिले. आमच्या वर्गात अकराच मुले आहेत. एवढ्या आकड्यांवर मध्यकाला काही अर्थ राहतो का?

गणित शिक्षक (निवृत्त), राजापूर
अकरा मुलांत मध्यक म्हणजे उतरत्या क्रमाने सहाव्या मुलाचे गुण, एवढेच. समजा सहाव्याला ७० आणि सातव्याला ५८ असतील, तर वरच्या सहांपैकी एकाचा पेपर बिघडून तो ५८ च्या खाली गेला तरी मध्यक १२ गुणांनी घसरेल; आपल्याकडील लहान शाळांत हे सहज घडते. म्हणून मध्यकासोबत सर्व गुणांची यादी, नावे वगळून, शाळेकडे मागावी. त्याहून उपयोगाची आहे ती संस्कृतची तपासलेली उत्तरपत्रिका: गेलेले १७ गुण व्याकरणात गेले, भाषांतरात गेले की पाठांतराच्या श्लोकांत, हे तिच्यावरूनच कळेल.