मदत हवी आहे: पात्राच्या तोंडी वऱ्हाडी किती ठेवावी?

कादंबरीत एक कॅशियर आहे, मूळचा अकोल्याचा, 20 वर्षं पुण्यात. बँकेत तो 'मला, कशाला' म्हणतो, आईशी फोनवर 'मले, काहून'. बोलणाऱ्यांची नावं झाकून संवाद वाचले की तो आणि त्याची पुणेरी बायको वेगळे ओळखूच येत नाहीत. दोघंही लेखकासारखीच लांब, पूर्ण वाक्यं बोलतात. उलट प्रत्येक ओळीत वऱ्हाडी घातली, तर तो विनोदी गडी वाटतो, आणि हा त्या माणसावर अन्याय आहे. सध्या बँकेत बोली फक्त रागात निसटते: नोटा मोजताना सहकारी मध्ये बोलला की, "थांब ना बे, मले मोजू दे!"

वऱ्हाडी बोलणाऱ्यांनो, इतक्या वर्षांत आधी काय पुसलं जातं: शब्द, प्रत्यय की हेल? आणि हेल कागदावर कसा उतरवायचा?