मदत हवी आहे: बॅडमिंटनची रॅकेट आणि गटिंग (रॅकेटच्या जाळीची तार), दोन्ही ठरत नाहीये

मंडळी, जुळे सोलापुरात रोज पहाटे डबल्स खेळतो. मी मागे असतो, स्मॅशवर भर, पण चाळिशीनंतर खांदा लवकर भरून येतोय. योनेक्स अ‍ॅस्ट्रॉक्स ८८डी प्ले घ्यावी की नॅनोफ्लेअर ७०० प्ले? पहिली डोक्याकडे जड, स्मॅशला वजन मिळतं; दुसरी हलकी फिरते, डिफेन्सला हात पटकन येतो. मन पहिलीकडे, खांदा दुसरीकडे.

गटिंगचं त्याहून अवघड. बीजी ६५ (०.७० मिमी) टिकते, पण बीजी ६६ अल्टिमॅक्स (०.६५ मिमी) चा टणत्कार कानात बसलाय. मागच्या वेळी दुकानदाराने न विचारता २८ पौंड ताणलं. शटल मधोमध लागलं नाही की कोपरापर्यंत झिणझिण्या. आता २४ ठीक राहील का? खांदा सांभाळून खेळणाऱ्यांनी आवर्जून सांगा.